पदार्थांच्या खोट्या जन्मकथा

एखाद्या मनुष्यानें आपली वंशावळ खोटी रचली, तर केव्हां ना केव्हां तिचा बोभाटा होतो. परंतु एखाद्या पदार्थाची वंशावळ खोटी रचली, तर तिचें सर्वत्र कौतुक होतें. पंक्तीला बसलेल्या मंडळींपैकीं कोणी तरी घांस घेतां घेतां ‘या पदार्थाची एक मोठी गमतीची गोष्ट आहे बरें का’ अशी प्रस्तावना करतो, आणि मग राजा, सेनापति, दुष्काळ किंवा आगगाडी यांपैकीं एकाचा प्रवेश होऊन गोष्ट संपते. तिला आधार काय, असें विचारणारा मनुष्य अरसिक ठरतो. हा अरसिकपणा पत्करून प्रस्तुत लेखक आज एका परदेशी पदार्थाच्या जन्मकथेविरुद्ध तक्रार मांडणार आहे. पदार्थ परका असला तरी रोग घरचाच आहे, हें लेखाच्या शेवटापर्यंत येणाऱ्या वाचकांस आपोआप कळून येईल.

कॅनडा देशाच्या पूर्व भागांत क्वेबेक नांवाचा फ्रेंचभाषी प्रांत आहे. तेथें घरोघर शिजणाऱ्या एका पदार्थाला ‘पाते शिन्वा’ म्हणतात. ‘पाते’ म्हणजे कणकेच्या आवरणांत भाजलेलें मांस, आणि ‘शिन्वा’ म्हणजे चिनी. परंतु या पदार्थांत कणीकही नाहीं आणि चीनही नाहीं. त्यांत असतात तीनच थर : तळाला कांद्याबरोबर परतलेला गाईच्या मांसाचा खिमा, मध्यें मका, आणि वर कुसकरलेला बटाटा. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा पदार्थ होणार नाहीं, आणि तो व्हावा असा आमचा आग्रहही नाहीं. परंतु दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतें तें समजून घेतल्यानें कोणाचा धर्म बुडाल्याचें ऐकिवांत नाहीं.

करण्याची रीति साधी आहे, पण ती बिनविचाराची नाहीं. प्रथम बारीक चिरलेला कांदा लोण्यांत परतावयाचा. त्यांत खिमा घालून त्याचा लालपणा जाईपर्यंत व सुटलेलें पाणी आटेपर्यंत हलवीत राहावयाचें. मीठ आणि मिरपूड, एवढाच मसाला. हा खिमा खोलगट भांड्याच्या तळाशीं दाबून पसरला म्हणजे त्यावर मका येतो. तो बहुधा डबाबंद असतो. एका डब्यांत सुटे दाणे, दुसऱ्यांत सायीसारखा दाटसर केलेला मका; आणि जाणत्या गृहिणी दोन्ही मिसळून घालतात, कारण नुसते दाणे कोरडे लागतात व नुसता दाट मका ओघळतो. शेवटीं उकडलेले बटाटे गरम असतांनाच दूध व लोणी घालून कुसकरावयाचे आणि त्यांचा जाड थर वरून लिंपावयाचा. बटाटा गार झाल्यावर कुसकरला तर गुठळ्या राहतात, हें ज्यांनीं बटाटेवड्यांचें सारण केलें आहे त्यांना सांगावयास नको. वरच्या थरावर कांट्यानें रेघा ओढून भांडें ओव्हनमध्यें सुमारें १९० अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवलें, म्हणजे त्या रेघांचे कंगोरे तांबूस होतात. थरांचा क्रमही लहरीचा नाहीं. मांसाचा रस तळाशीं राहतो. मका मध्यें गोडी आणि ओलावा देतो. आणि बटाट्याचें झांकण खालची वाफ कोंडून धरून स्वतः वरून खरपूस होतें. पानांत घेतल्यावर पुष्कळजण त्यावर टोमॅटोचें केचप ओततात, आणि त्याबद्दल त्यांना लाज वाटत नाहीं.

हा पदार्थ तेथील लोकांच्या किती जवळचा आहे याच्या दोन साक्षी पुरेत. १९९३ पासून तेथें दूरचित्रवाणीवर ‘ला प्तित व्ही’ नांवाची एक विनोदी कौटुंबिक मालिका लागत असे. तींतील तेरेझ नांवाच्या कन्येला हा तीन थरांचा पदार्थ कांहीं केल्या साधत नाहीं, आणि ‘मांस, मका, बटाटा’ हा क्रम तिला मंत्रासारखा पढवावा लागतो. १९९५ सालीं या मालिकेच्या एका भागाला ४० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले, आणि त्या वेळीं प्रांताची लोकसंख्या सुमारें ७२ लाख होती! दुसरी साक्ष ‘ल दव्वार’ या माँट्रियलच्या प्रतिष्ठित दैनिकाची. डिसेंबर २००७ मध्यें त्यानें या साध्यासुध्या पदार्थाला क्वेबेकच्या राष्ट्रीय पदार्थाचा मान दिला.

मान मिळाला कीं वंशावळ लागते. कुळंबी छत्रपति होतो तेव्हां गागाभट्टाला बोलवावें लागतें. पदार्थ राष्ट्रीय होतो तेव्हां आख्यायिकेला. पाते शिन्वाची सर्वांत लाडकी आख्यायिका अशी : कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आगगाडी नेण्याचें काम चाललें असतां चिनी आचारी मजुरांना स्वस्त मांस, मका आणि बटाटा असें जेवण करून घालीत, फ्रेंच मजुरांना तें आवडलें, त्यांनीं तें घरीं नेलें आणि आचाऱ्यांच्या स्मरणार्थ त्याला ‘चिनी’ हें नांव दिलें. कोणी म्हणतात, चिनी आचारी नव्हेत, चिनी मजूरच हें खात असत. गोष्ट सुटसुटीत आहे, तींत कष्ट आहेत, बंधुभाव आहे, शेवट गोड आहे. एवढेंच कीं ती इतिहासाशीं जुळत नाहीं.

चिनी मजूर कोठें राबले तें सर्वज्ञात आहे. १८८१ ते १८८४ या काळांत सुमारें १५,००० चिनी मजुरांनीं कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेवर काम केलें, तें ब्रिटिश कोलंबिया या अगदीं पश्चिमेकडील प्रांतांत, फ्रेझर नदीच्या कड्यांमध्यें. क्वेबेक तेथून तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर. त्या मजुरांचें अन्न मुख्यतः भात आणि सुकविलेला सामन मासा. ताज्या भाज्यांच्या अभावीं त्यांच्यांत रक्तपितीचा रोग पसरे. ज्यांना मक्याच्या दाण्याचें व लोण्याचें दर्शन दुर्मिळ, त्यांच्या नांवावर मका, लोणी, दूध आणि गोमांस यांचा थरांथरांचा पदार्थ चढविणें म्हणजे उपाशी मनुष्याच्या हातून पंचपक्वान्नांचें श्रेय लिहून घेण्यासारखें आहे.

येथें कोणी म्हणेल, ‘असो, गोष्ट खोटी असली तरी तीमुळें चिनी लोकांची आठवण राहते, हें काय थोडें?’ हा युक्तिवाद वरवर उदार दिसतो म्हणून त्याला उत्तर दिलें पाहिजे. आठवण कशाची राहते? चिनी मनुष्याला दिवसाला एक डॉलर मिळे, आणि गोऱ्या मजुराला दीड ते अडीच. शिवाय चिन्यानें आपलें अन्न व सामान पदरच्या पैशानें घ्यावयाचें. सुरुंगाच्या स्फोटांत, दरडींखालीं, थंडींत आणि रोगानें निदान ६०० चिनी मजूर मेले. ७ नोव्हेंबर १८८५ रोजीं क्रेगेलाकी येथें रुळांचा शेवटचा खिळा ठोकला गेला, त्या प्रसंगाचें छायाचित्र कॅनडांतील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्यांत एकही चिनी चेहरा नाहीं. त्याच १८८५ सालीं, काम आटोपल्याबरोबर, देशांत येणाऱ्या प्रत्येक चिनी मनुष्यावर ५० डॉलरांची डोईपट्टी बसली. ती १९०० सालीं १०० आणि १९०३ सालीं ५०० डॉलर झाली. ऐंशी हजारांहून अधिक लोकांनीं ती भरली. तिनेंही माणसें येण्याचीं थांबेनात, तेव्हां १९२३ सालीं चिनी लोकांना दारच बंद करणारा कायदा झाला, तो १९४७ पर्यंत टिकला. कॅनडाच्या सरकारनें संसदेंत त्याबद्दल क्षमा मागितली ती २२ जून २००६ रोजीं. हिंदी वाचकाला हें परक्याचें दुःख वाटण्याचें कारण नाहीं : १९१४ सालीं ‘कोमागाता मारू’ जहाजांतील ३७६ प्रवाशांपैकीं बहुतेकांना ज्या व्हँकूवर बंदरावरून परत धाडलें, तें बंदर याच ब्रिटिश कोलंबियांत आहे.

आतां या इतिहासाशेजारीं ती आख्यायिका ठेवून पाहा. इतिहासांत डोईपट्टी आहे. आख्यायिकेंत मेजवानी आहे. इतिहासांत मजूर दरडीखालीं मरतो. आख्यायिकेंत तो हसतमुखानें वाढपी होतो. ज्या माणसाला देशांत घेतलें नाहीं, त्याला ताटांत घेतलें कीं हिशेब चुकता झाला, असा हा व्यवहार आहे. म्हणून आम्ही म्हणतों कीं ही गोष्ट निरुपद्रवी नाहीं. खोटी आठवण ही विस्मरणाहूनही वाईट. कारण विसरलेल्याला निदान आपण कांहीं विसरलों आहों ही रुखरुख लागण्याचा संभव असतो, खोट्या आठवणीनें तोही मार्ग बंद होतो.

दुसरी आख्यायिका अधिक विद्वान आहे, म्हणून अधिक फसवी आहे. १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत क्वेबेकमधून सुमारें ९ लाख फ्रेंचभाषी लोक पोटासाठीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेले, ही गोष्ट खरी. मेन संस्थानांत ‘चायना’ नांवाचें एक गांव आहे, हेंही खरें. या दोन सत्यांची गांठ मारून सांगण्यांत येतें कीं, त्या गांवीं गेलेल्या मजुरांनीं तेथील पदार्थ ‘चायनाचा पाय’ म्हणून परत आणला आणि त्याचा ‘चिनी पाय’ झाला. परंतु चायना हें गिरण्यांचें गांव नव्हतें, शेतीवाडीचें होतें. आणि असा पदार्थ त्या गांवाची खासियत होती याला दाखला नाहीं. अधिक मौज अशी कीं, १८१८ सालीं स्थापन झालेल्या त्या गांवाच्या नांवाचाही चीन देशाशीं थेट संबंध नाहीं. ‘चायना’ नांवाचें एक ख्रिस्ती भजन संस्थापकाच्या आवडीचें होतें, त्यावरून तें नांव पडलें! म्हणजे पदार्थांतला चीन शोधीत निघालेले लोक गांवापाशीं पोंचले, आणि गांवांतला चीन शोधावा तर हातीं आलें एक भजन.

या साऱ्या कथांची छाननी माँट्रियल येथील क्वेबेक विद्यापीठांतील एक अध्यापक झाँ-प्येर लमासाँ यांनीं केली, आणि २००९ सालीं या एका पदार्थावर सबंध पुस्तक लिहिलें. पुस्तकाच्या नांवाचा अर्थच ‘पाते शिन्वाचें अथांग गूढ’ असा आहे. रेल्वेची कथा आणि गांवाची कथा दोन्ही त्यांनीं पुराव्याअभावीं बाजूस सारल्या. ज्या प्रश्नाचें उत्तर सांपडत नाहीं तो प्रश्न उघडा ठेवण्याचें धैर्य विद्वानांत सुद्धां विरळा असतें, आणि तें एका खिम्याच्या पदार्थाच्या निमित्तानें दाखविलें गेलें, याचें आम्हांस फार अगत्य वाटतें.

परंतु नांवाचें मूळ सांपडलें नाहीं, म्हणून पदार्थ निनांवी किंवा निराधार ठरत नाहीं. त्याचे भाऊबंद प्रसिद्ध आहेत. मांसावर बटाट्याचें झांकण घालण्याची युक्ति इंग्लंडांत जुनी; ‘कॉटेज पाय’ हें नांव १७९१ पासून लिखित आढळतें. रविवारचें भाजलेलें मांस उरलें म्हणजे तें बारीक करून सोमवारीं बटाट्याखालीं झांकावयाचें, ही त्या देशांतील काटकसरी गृहिणीची रीति. फ्रान्समध्यें अशाच पदार्थाला ‘आशी पार्मांत्ये’ म्हणतात. पार्मांत्ये (१७३७–१८१३) हा सैन्यांतील औषधिकार. सप्तवार्षिक युद्धांत प्रशियाच्या कैदेंत असतां त्याला बटाट्यावर दिवस काढावे लागले, आणि सुटून आल्यावर त्यानें आपल्या देशबांधवांना बटाटा खावयास लावण्यांत आयुष्य वेचलें. हें नांव त्याच्या गौरवार्थ आहे. क्वेबेकचा विशेष तो मधला थर, म्हणजे मका. आणि मका तर त्या भूमीचा खरा जुना रहिवासी! १५३५ सालीं झाक कार्त्ये हा फ्रेंच दर्यावर्दी आजच्या माँट्रियलच्या जागीं असलेल्या ओशलागा गांवीं पोंचला, तेव्हां त्यानें सभोंवार तेथील मूळच्या लोकांचीं मक्याचीं शेतें पाहिलीं. गुरें फ्रेंचांनीं आणलीं. बटाटा अँडीज पर्वतांतून युरोपला व तेथून पुन्हां समुद्र ओलांडून आला, आणि १७६० च्या सुमारास इंग्रजांचा अंमल बसल्यानंतर त्या प्रांतांत रुळला. एवढा अस्सल इतिहास एका भांड्यांत दडला असतां त्यावर कल्पित आचाऱ्यांची फोडणी कशाला?

नांवांचा घोटाळा तर त्या मक्यापासूनच सुरू होतो. क्वेबेकचे लोक मक्याला ‘ब्ले दँद’ म्हणतात, म्हणजे ‘हिंदुस्थानचा गहू’. कोलंबस १४९२ सालीं अमेरिकेस लागला आणि आपण हिंदुस्थानापाशीं आलों अशी त्यानें समजूत करून घेतली. ती चूक आजही तेथील जेवणाच्या टेबलावर रोज उच्चारली जाते. एका भांड्यांत चीन नसलेला चीन आणि हिंदुस्थान नसलेलें हिंदुस्थान! परंतु ‘ब्ले दँद’ या नांवावरून कोणी अशी कथा रचीत नाहीं कीं, एखाद्या मराठी शेतकऱ्यानें तेथें मका नेला. कारण त्या चुकीचा इतिहास लिहून ठेवलेला आहे. जेथें लेख आहे तेथें आख्यायिकेला जागा सांपडत नाहीं. जेथें लेख नाहीं तेथेंच ती घर करते.

आतां घरचा रोग. सांबाराची कथा महाराष्ट्रांतील कोणास ठाऊक नाहीं? तंजावरच्या मराठी दरबारांत संभाजी महाराज पाहुणे म्हणून आले. आमसुलें संपलीं होतीं. आचाऱ्यानें आमटींत चिंच घातली. आणि पाहुण्यांच्या नांवावरून तिला ‘सांबार’ म्हणूं लागले. ही कथा आम्हीं विवाहाच्या पंक्तीला ऐकली आहे, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वाचली आहे, आणि पदवीधरांच्या तोंडून शपथेवर ऐकली आहे. तंजावरचें भोसले घराणें खरें, त्याची विद्याभिरुचि खरी. परंतु या भोजनाला त्या काळचा एक कागद नाहीं. ज्या राजाच्या अवघ्या नऊ वर्षांच्या कारकीर्दींत मोंगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशीं झुंज सुटली नाहीं, त्याला आमटी चाखावयास कावेरीकांठीं पाठविण्यांत त्याचा गौरव तो कोणता? शिवाय ‘संभार’ हा सामग्रीवाचक संस्कृत शब्द समोर असतां तो कोणाला दिसत नाहीं. दिसत नाहीं, कारण त्यांत मराठ्यांचा विजय नाहीं. क्वेबेकच्या कथेंत अपराधाला पांघरूण आहे, आपल्या कथेंत अहंकाराला अलंकार आहे. परंतु दोहोंचें सूत एकच : पदार्थ चाखावयाचा तो जिभेसाठीं, आणि गोष्ट सांगावयाची ती आपल्या सोयीसाठीं.

आणि जे वाचक ‘चिनी नसलेलें चिनी’ म्हणून क्वेबेकच्या लोकांना हंसतील, त्यांनीं संध्याकाळीं मुंबईच्या कोणत्याही नाक्यावर जाऊन उभें राहावें. तळलेल्या शेवया, चिरलेला कोबी आणि लालभडक चटणी यांच्या मिश्रणाला आपण ‘चायनीज भेळ’ म्हणतों. तिची आई चीनमध्यें शोधावयास जाऊं नये. आणखी शंभर वर्षांनीं एखादा रसिक सांगूं लागेल कीं, मुंबईच्या गोदींत उतरलेल्या एका चिनी खलाशानें भुकेल्या गिरणी कामगारांना ही भेळ प्रथम करून दिली. त्या वेळीं आपल्या वंशजांनीं त्यावर विश्वास ठेवावा अशी आपली इच्छा आहे काय?

या सर्व जन्मकथांतून एक व्यक्ति मात्र नेमकी गळते, आणि आमची मुख्य तक्रार तीच आहे. राजा असतो, आचारी असतो, रेल्वेचा कंत्राटदार असतो. परंतु जिनें तो पदार्थ रोज केला ती बाई कोठेंच नसते. पाते शिन्वा घडविला तो कोणा एका शोधकानें एका दुपारीं नव्हे. उरलेलें मांस टाकवत नाहीं, मुलें पांच-सहा आहेत, हातीं मक्याचा डबा आणि तळघरांत बटाट्यांचें पोतें आहे, अशा असंख्य घरांतील असंख्य बायकांनीं तो वर्षानुवर्षें घडविला. त्यांच्या हिशेबी हाताची थोरवी सांगण्याऐवजीं आपण एक बनावट आचारी उभा करतों. आपल्याकडे वेगळें काय आहे? १८७५ सालीं मराठींत ‘सूपशास्त्र’ छापलें गेलें तें पुरुषाच्या लेखणीनें. त्या पाककृती शतकानुशतकें ज्यांनीं रांधल्या त्यांची नांवें त्यांत शोधूं नयेत. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ निघाली आणि वाटी-चमच्यांच्या मापांनीं घरोघर पोंचली, तेव्हां कोठें एका गृहिणीच्या अनुभवाला पुस्तकाचा मान सर्वत्र मिळाला.

तेव्हां आमची मागणी मोठी नाहीं. पाककृति लिहिणाऱ्यांनीं, छापणाऱ्यांनीं आणि पंक्तीला सांगणाऱ्यांनीं पदार्थाच्या मागें राजा लावण्यापूर्वीं कागद दाखवावा; कागद नसेल तर ‘मूळ सिद्ध नाहीं’ एवढे तीन शब्द लिहावे. त्यानें पदार्थाची चव कमी होत नाहीं. आणि ज्या गोष्टींचा कागद आज करतां येईल, तो करावा. आईच्या, आजीच्या हातचा जो पदार्थ आपल्या घरांत चालत आला, तो तिनें कोणाकडून उचलला, कोणत्या गांवीं, कोणत्या वर्षीं, काय मिळेनासें झालें तेव्हां तिनें त्याऐवजीं काय घातलें, हें तिच्या हयातींत विचारून तारखेसह वहींत उतरून ठेवावें. तसें केलें नाहीं, तर आपल्या माघारीं त्या पदार्थाला एखादा सेनापति खचित भेटेल, आणि आजीचें नांव त्यांत असणार नाहीं.